बर्गनचे कारागीर आणि आपले पूर्वग्रह

परदेश पाहून येणाऱ्या आपल्या मंडळींच्या तोंडी अलीकडे एक वाक्य वारंवार ऐकू येते. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गन शहर पाहून आलेला गृहस्थ तेथील लाकडी गल्ल्यांचे, गल्ल्यांतल्या कर्मशाळांचे, लोकरीच्या व चांदीच्या कामाच्या दुकानांचे तोंड भरून कौतुक करतो आणि मग सुस्कारा टाकून म्हणतो, "त्यांना परवडते हो! समुद्रातून तेल निघते, तिजोरी भरलेली आहे. हातोडीचे आणि सुयांचे लाड त्यांनी खुशाल करावेत. आपल्याला ते कसे जमणार?" हे वाक्य नम्र दिसते, व्यवहारी दिसते, आणि म्हणूनच ते अधिक घातक आहे. त्याने एका दमात दोन कामे होतात. बर्गनच्या कारागिराचे श्रेय तेलाच्या खात्यावर जमा होते आणि आपली जबाबदारी दारिद्र्याच्या खात्यावर खर्ची पडते. या दोन्ही नोंदी खोट्या आहेत, हे दाखविण्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे. आपल्या परंपरेत वाद करावयाचा तर आधी पूर्वपक्ष नीट मांडावा लागतो. तेव्हा तेथूनच सुरुवात करू.

पूर्वपक्षाचे पहिले म्हणणे असे की नॉर्वेची हस्तकला ही श्रीमंतीची हौस आहे. त्याला सनावळीचे उत्तर पुरेसे आहे. उत्तर समुद्रात एकोफिस्क येथे तेलाचा मोठा साठा सापडला तो १९६९ च्या अखेरीस. उत्पादन सुरू झाले १९७१ मध्ये. आता मागे जाऊन पाहा. घरगुती हस्तव्यवसायाच्या पुरस्कारासाठी नॉर्वेच्या राजधानीत संस्था निघाली ती १८९१ मध्ये. तशा स्थानिक संघांना एकत्र आणणारा देशव्यापी संघ स्थापन झाला तो १९१० मध्ये. हुल्दा गारबोर्ग या लेखिकेने आपल्या देशातील खेडोपाड्यांच्या पोशाखाविषयी, ज्याला ते लोक 'बुनाद' म्हणतात त्याविषयी, पुस्तक प्रसिद्ध केले ते १९०३ मध्ये, म्हणजे नॉर्वे स्वीडनपासून विभक्त होण्याच्याही दोन वर्षे आधी. बर्गनच्या उत्तरेस येल्मोस येथे हिल्लेसवोग नावाची लोकर कातण्याची गिरणी आहे. ती १८९८ ची. आणि बर्गनमधील ज्या जुन्या लाकडी वस्तीत आज कर्मशाळा दिसतात, ती सांभाळणारी संस्था निघाली ती १९६२ मध्ये. यांतील एकही सन तेलानंतरचा नाही.

तेलापूर्वीचा नॉर्वे कसा होता हेही ध्यानात घेतले पाहिजे. १८२५ पासून पुढील शंभर वर्षांत सुमारे ८ लाख माणसे पोटासाठी तो देश सोडून अमेरिकेला गेली. खडकाळ जमीन, आखूड उन्हाळा, मासळीवरचा जुगार. अशा देशात स्त्रिया हिवाळाभर मोजे विणीत, पुरुष चमचे कोरीत, त्यात हौस नव्हती. त्या घरगुती उद्योगाला त्यांच्या भाषेत 'हुसफ्लिद' म्हणतात. 'हुस' म्हणजे घर आणि 'फ्लिद' म्हणजे उद्यमशीलता. या शब्दात कलेचा डौल नाही, घामाचा वास आहे. तात्पर्य, श्रीमंतीने हस्तकला वाचविली नाही. गरिबीने वाचविलेली हस्तकला श्रीमंतीच्या हाती आली.

किंबहुना मी पुढे जाऊन असे म्हणेन की तेल हे त्या कारागिराचे आश्रयदाते नसून प्रतिस्पर्धी आहे. देश श्रीमंत झाला की मजुरी वाढते. मजुरी वाढली की जे काम यंत्राला सोपविता येत नाही तेच सर्वांत महाग होते. जो तरुण सुतार समुद्रातील तेलफलाटावर किती तरी अधिक पैसे मिळवू शकतो, त्याने गल्लीत बसून होडीची फळी तासावी ही अपेक्षा गरीब देशापेक्षा श्रीमंत देशातच अधिक अवघड आहे. ज्या परिस्थितीत कारागीर नाहीसा व्हावयास हवा होता, तेथे तो टिकला. तो का टिकला, हा खरा प्रश्न आहे. आणि "त्यांना परवडते" हे त्याचे उत्तर नव्हे, तो प्रश्न टाळण्याची ती युक्ती आहे.

पूर्वपक्षाचे दुसरे म्हणणे असे की ही सारी प्रवाशांच्या पैशावर चाललेली दुकानदारी आहे. यात अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्याचा समाचार अधिक काळजीपूर्वक घ्यावा लागतो. बर्गनच्या बंदरासमोर ब्रिग्गेन नावाची लाकडी घरांची ओळ आहे. येथे सुमारे १३६० पासून जर्मन हान्सा व्यापाऱ्यांची पेढी होती. उत्तरेकडून येणारी सुकी मासळी घ्यावयाची आणि धान्य विकावयाचे, हा तिचा व्यवहार. १७०२ च्या आगीत ही वस्ती जळाली आणि जुन्याच आखणीवर पुन्हा उभी राहिली. १९४४ मध्ये बंदरात स्फोटक द्रव्यांनी भरलेल्या जहाजाचा भडका उडून तिची छपरे उडाली. १९५५ मध्ये पुन्हा आग लागून मोठा भाग भस्मसात झाला. उरलेल्या सुमारे ६० इमारतींना १९७९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बंदराकडे निमुळती तोंडे करून ही घरे खांद्याला खांदा लावून उभी आहेत. दोन ओळींमधून फळ्या अंथरलेली अरुंद वाट आत जाते.

या वस्तीला दोन मुखे आहेत. एक बंदराकडचे. तेथे मोठमोठ्या जहाजांतून उतरलेले लोक चार-सहा तासांच्या सवडीत येतात आणि लांब नाकाच्या राक्षसांचे पुतळे, शिंगांची शिरस्त्राणे, चुंबकाच्या चकत्या घेऊन परततात. शिंगांच्या शिरस्त्राणाची कथा तर मनोरंजक आहे. प्राचीन नॉर्वेजियन योद्धे शिंगे लावून लढत, याला पुरावा नाही. ही कल्पना रूढ झाली ती मुख्यतः १८७६ मध्ये वाग्नर या संगीतकाराच्या नाटकांसाठी एका जर्मन वेषकाराने केलेल्या पोशाखांमुळे. जर्मनाने कल्पिलेली, कोणत्या तरी दूरच्या कारखान्यात ओतलेली वस्तू बर्गनची आठवण म्हणून विकली जाते आणि आपला प्रवासी ती दिवाणखान्यात मांडून नॉर्वेच्या हस्तकलेवर व्याख्यान देतो!

दुसरे मुख आतल्या गल्लीकडचे. तेथे फळ्यांच्या वाटेवरून चार पावले आत गेले, एखादा कुरकुरणारा जिना चढले, की दृश्य बदलते. कोणी चामडे शिवीत असतो, कोणी चांदी ठोकीत असतो, कोणाच्या मांडीवर अर्धवट विणलेला अंगरखा असतो. येथे वस्तू महाग असतात, आणि ती का महाग आहे हे तिच्यासमोर बसलेल्या हातांकडे पाहून कळते. प्रवाशाने येथेही खरेदी करावी. कारागिराला त्याचा पैसा वर्ज्य नाही. परंतु प्रवासी येतो मुख्यतः उन्हाळ्यात. बर्गनला वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो. आपल्या गोव्याचा पाऊस चार महिन्यांत थकतो. तेथला थकतच नाही. नोव्हेंबरच्या काळोख्या, भिजक्या दुपारी, बंदर ओस पडलेले असताना ज्या कर्मशाळेत दिवा जळतो, त्या दिव्याचा खर्च कोण देतो, याचा शोध घेतला तर प्रवाशांचा सिद्धान्त गळून पडतो.

खर्च देतो तो तेथला शेजारी. १८१४ च्या मे महिन्याच्या १७ तारखेला नॉर्वेची राज्यघटना झाली. तो दिवस तेथे राष्ट्रीय उत्सवाचा. त्या दिवशी असंख्य स्त्रिया, आणि हल्ली पुष्कळ पुरुषही, आपापल्या परगण्याचा बुनाद घालून मिरवणुकीत चालतात. बुनादाची लोकर, भरतकाम, पट्टा, गळ्याशी लावावयाची चांदीची 'सोल्ये', म्हणजे लोंबत्या चकत्यांची टाचणी, हे सारे परगण्यापरत्वे भिन्न. चांदीवर बहुधा ८३० चा ठसा असतो. हजार भागांत ८३० भाग शुद्ध चांदी, हा त्यांचा जुना प्रघात. पंधराव्या वर्षाच्या सुमारास धर्मदीक्षेच्या प्रसंगी मुलीला बुनाद करून देण्याची चाल आहे. तो जन्मभर टिकतो, उसवून मोठा करता येतो, आजीकडून नातीकडे जातो. विणकर, भरतकाम करणारी, सोनार आणि शिवणारी, एवढ्यांची पोटे या एका चालीवर भरतात. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने बुनादाची परंपरा आपल्या यादीत घेतली. परंतु ती यादी परंपरेच्या मागून आली, परंपरा यादीच्या मागून गेली नाही.

पूर्वपक्षाचे तिसरे म्हणणे, जे सरकारी मनाला फार आवडते, ते असे की नष्ट होणाऱ्या गोष्टी संग्रहालयात ठेवाव्यात म्हणजे कर्तव्य संपले. बर्गनमध्ये संग्रहालये आहेतच. १९५५ च्या आगीनंतर जमिनीखाली जे उत्खनन झाले त्यात सुमारे ६७० रूनलिपीतले लेख सापडले. लाकडाच्या काटक्यांवर कोरलेली मालाची चिठ्ठी, निरोप, प्रेमाचे दोन शब्द. ते तेथील संग्रहालयात आहे आणि तेथेच असावे. शहराच्या उत्तरेला साल्हूस येथे १८५९ ची विणमालाची गिरणी होती. ती १९८९ मध्ये बंद पडली आणि पुढे तिचे संग्रहालय झाले. तेही योग्यच. परंतु मेलेल्याचे स्मारक आणि जिवंताची शुश्रूषा या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून ओसेल्वर होडीचे उदाहरण देतो. बर्गनच्या दक्षिणेस ओस नावाचा गाव आहे. तेथली ही पाइनच्या रुंद, पातळ फळ्या एकावर एक चढवून केलेली हलकी वल्हवायची होडी. तिचा कागदी आराखडा नसे. माप डोळ्यांत आणि तोल हातात. संग्रहालयांना अशा होड्या ठेवता येत होत्या. दुर्मिळ होत चालला होता तो होडी करणारा माणूस. तेव्हा १९९७ मध्ये तेथील लोकांनी कर्मशाळा काढली. तिचा मुख्य विचार असा की जुन्या होडीकाराच्या शेजारी तरुण शिष्य पगारावर बसवावा आणि दोघांनी मिळून विकण्याजोगी होडी बांधावी. २०१६ मध्ये युनेस्कोने तिची नोंद जतनाचा अनुकरणीय नमुना म्हणून केली. मला यात विशेष वाटते ते एवढेच की जतन कशाचे करावयाचे हे त्या लोकांना नेमके कळले. होडी हे फळ आहे. झाड म्हणजे गुरुशिष्यांची जोडी.

तीन पूर्वपक्ष झाले. आता सिद्धान्त. कारागीर टिकतो तो तीन आधारांवर: डोक्यावर छप्पर, शेजारी शिष्य आणि दारात गिऱ्हाईक. यांपैकी एकही दयेचा प्रकार नाही.

छपराचे पाहा. मोक्याच्या जागी भाडे वाढत गेले की प्रथम उठतो तो कारागीर. कारण एका दिवसात शंभर चकत्या विकणाऱ्याइतके भाडे एका दिवसात एक खोगीर शिवणाऱ्याला देता येत नाही. ब्रिग्गेनमधील अनेक इमारती १९६२ च्या त्या प्रतिष्ठानाच्या मालकीच्या आहेत आणि त्यांत कारागीर व चित्रकार भाडेकरू म्हणून काम करतात. शिवाय ती घरे जुन्याच पद्धतीने, कुऱ्हाडीने तासलेल्या लाकडांनी दुरुस्त करावयाची, हा तेथील शिरस्ता असल्यामुळे त्या इमारतीच सुतारांची पाठशाळा बनल्या आहेत. याच वस्तीने एक धडाही शिकविला. शेजारच्या नव्या बांधकामामुळे जमिनीतले पाणी खाली गेले, लाकडी पायाभोवतीचे जुने थर कुजू लागले आणि घरे खचू लागली. तेव्हा पावसाचे पाणी पुन्हा जमिनीत मुरविण्याची व्यवस्था करावी लागली. कारागिरीचेही असेच आहे. वरची रंगरंगोटी कितीही करा; लोकांच्या नित्य वापराचे भूजल आटले की इमारत खचते.

शिष्याचे पाहा. येथे माझ्या व्यवसायाचा विषय येतो. कारागिरांच्या हक्कांवरून बर्गनने फार जुने भांडण पाहिले आहे. शहरातील जर्मन मोची, शिंपी वगैरे कारागीर हान्सा व्यापाऱ्यांच्या छत्राखाली राहून तेथल्या कायद्याला जुमानीत नसत. १५५९ मध्ये राजाचा अधिकारी क्रिस्तोफर वाल्केन्दोर्फ याने त्यांना बजावले की राजाशी निष्ठेची शपथ घ्या, नाही तर शहर सोडा. बहुतेकांनी शहर सोडले. पुढे संघांची मक्तेदारी हीच जाचक ठरली आणि १८३९ च्या कायद्यापासून ती मोडत गेली. आज तेथे धंदा सर्वांना मोकळा आहे. परंतु १९८६ च्या कायद्याने 'मेस्टर', म्हणजे उस्ताद, ही पदवी मात्र संरक्षित आहे. कारागिरीची परीक्षा, प्रत्यक्ष अनुभव आणि धंदा चालविण्याचे ज्ञान असल्यावाचून ती लावता येत नाही. त्याच्या आधी उमेदवारीची पायरी: साधारणतः दोन वर्षे शाळेत व दोन वर्षे लेखी कराराने, वेतनासह कर्मशाळेत; आणि शिष्य घेणाऱ्या कर्मशाळेला त्यासाठी सरकारी साहाय्य. धंदा मोकळा, पदवी बंद. हा मध्यम मार्ग मला न्यायाचा वाटतो. तो कोणाची भाकरी हिरावीत नाही आणि गिऱ्हाइकाची फसवणूकही होऊ देत नाही.

नॉर्वेची भाटगिरी करण्याचा माझा हेतू नाही. त्या राष्ट्रीय बुनादाचे भरतकाम व शिवण आशियातील स्वस्त हातांकडून करून घेण्याचा उद्योग तेथेही झाला आणि त्यावर मोठे वादळ उठले. हाताने केलेल्या आणि यंत्राने ओतलेल्या मालावर तेथे सर्वसाधारण विक्रीकर सारखाच, शेकडा २५ आहे. उत्तम बुनाद सामान्य मिळकतीच्या घराला सहज झेपत नाही. तात्पर्य, तेथेही लढाई संपलेली नाही. परंतु तेथे ती लढली जाते. "आम्हाला परवडत नाही" असे म्हणून शस्त्रे खाली ठेवली जात नाहीत.

आणि आता तो सुस्कारा टाकणाऱ्या गृहस्थाकडे वळू. आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. भौगोलिक निर्देशनांचा कायदा १९९९ मध्ये झाला, २००३ पासून अंमलात आला. त्याखाली २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेची नोंद झाली, ती महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी एकत्र. बेळगाव त्यांत आहे. सीमेवरचा वाद माणसांना सुटेना. चामड्याने तो कधीच मानला नाही. २०२५ च्या जूनमध्ये एका इटालियन वेषगृहाने तशाच चपला मिलानच्या मंचावर मिरविल्या तेव्हा आपण सर्वांनी संतापाची पत्रे लिहिली. संताप रास्त होता. परंतु त्या पत्रलेखकांपैकी किती जणांच्या पायात मोच्याच्या हातची चप्पल होती? आपला कायदा प्रामुख्याने नावाचे रक्षण करतो. नाव धारण करणाऱ्या वस्तूमागचा माणूस, त्याचे छप्पर आणि त्याचा शिष्य यांचे रक्षण कायद्याने एकट्याने होणे नाही. ते समाजाचे काम आहे.

येथे या मासिकाच्या वाचकांना एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. नॉर्वेला एक १७ मे आहे. आपल्याकडे बाराही महिने उत्सव आहेत. पालखी, लालखी, मखर, प्रभावळ, समई, लामणदिवा, उत्सवमूर्तीची वस्त्रे, चौघड्याची कातडी. देवस्थानाचे पंचांग म्हणजे सुतार, कासार, सोनार, विणकर यांच्या मागणीची वहीच आहे. असे ठरलेले, वर्षानुवर्षे न चुकणारे गिऱ्हाईक जगात थोड्याच कारागिरांना लाभले असेल. आणि त्याच देवस्थानांच्या सभांत आज काय चालते? ओतीव मखराचे दरपत्रक येते, सर्वांत स्वस्त ते मंजूर होते आणि वाचलेले पैसे मंडपाच्या रोषणाईवर जातात. गावचा सुतार सभेच्या शेवटच्या रांगेत बसून हे ऐकतो. त्याचा मुलगा शहरात नोकरी शोधतो. मग वीस वर्षांनी कोणी तरी त्या लुप्त कलेवर परिसंवाद भरवितो आणि आपण टाळ्या वाजवितो.

दारिद्र्याचे कारण येथे पुढे करता येत नाही. कारण पैसा खर्च होतोच आहे. प्रश्न आहे तो कोणाच्या हाती जातो याचा. म्हणून माझी मागणी साधी आहे. देवस्थानाच्या पुढील सभेत कोणतीही वस्तू घेण्याचा ठराव येईल तेव्हा सभासदाने उठून तीन प्रश्न विचारावेत: ही वस्तू कोणाच्या हातची आहे? त्याच्या शेजारी शिकणारा कोणी आहे काय? आणि त्याला बसायला आपल्या अग्रशाळेतली एखादी खोली माफक भाड्याने देता येईल काय? या तिन्हींची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. त्यासाठी समुद्रात तेल सापडण्याची वाट पाहावी लागत नाही.